रिकाम्या यंत्राचा उद्योग

यंत्र हें माणसाचें मुकें चाकर आहे; हुकूम केला तर तें चालतें, हुकूम नसला तर स्वस्थ बसतें, अशी यंत्राविषयींची आपली जुनी समजूत आहे. विहिरीवरचा पंप, शिवणाचें यंत्र, छापखान्यांतील ट्रेडल हीं सर्व या समजुतीस धरून वागतात. घरांत निजानीज झाल्यावर शिवणाचें यंत्र आपोआप चालूं लागलें, तर घरधनी प्रथम दिवा लावील आणि मग देवाचें नांव घेईल. परंतु आज ज्याच्यावांचून सुशिक्षित घरांतील पान हलत नाहीं, तो संगणक मात्र या नियमाला अपवाद आहे. कळफलकावर कोणाचें बोट नसतें, पडद्यावर कांहीं हालत नसतें. आणि तरीहि पेटीच्या आंत हार्ड डिस्क गरगरत, करकरत आपला कांहीं उद्योग करीत असते. हा उद्योग कोणाच्या हुकमानें चालतो, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. माझ्या मतें तो इतिहासाचा आहे. आणि तो इतिहास ठाऊक नसल्यामुळें माझ्या हातून एकदां अन्याय झाला व एकदां नुकसान झालें, म्हणून तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

माझा या प्रश्नाशीं संबंध आला तो पंचगंगेमुळें. ऑगस्ट २०१९ मधील महापुरांत कोल्हापुरांतील कित्येक घरांप्रमाणें आमच्याहि तळमजल्यांत पाणी शिरलें. वर नेण्याचें राहून गेलेलें एक लांकडी कपाट त्यांत बुडालें. वडिलांचा पत्रव्यवहार आणि आईच्या जमाखर्चाच्या वह्या त्या कपाटांत होत्या. पत्रें टीपकागदांत दाबून, वाळवून बहुतेक वांचविलीं. आणि पुढच्या वर्षीं कॉलेजें बंद असतां शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या मदतीनें त्यांचीं सुमारें चार हजार पानें स्कॅन करून घेतलीं. एके दिवशीं दुपारीं तीं पानें, आणि त्यांच्याबरोबर माझीं तीस वर्षांचीं टिपणें, छायाचित्रें व व्याख्यानांचीं ध्वनिमुद्रणें, अशा लाखभर फायली संगणकाच्या डिस्कवर उतरविल्या आणि काम संपलें अशा समाधानानें उठलों.

त्याच रात्रीं अकराच्या सुमारास वाचीत बसलों असतां कानांवर बारीक करकर आली. संगणकाला मीं अर्धा तास हात लावला नव्हता. पण पेटीवरचा तांबडा दिवा भराभर लुकलुकत होता. उठून माउस हलविला, करकर थांबली. पुन्हां पुस्तक उघडलें. पांचसात मिनिटांनीं करकर पुन्हां सुरू झाली. पावलाची चाहूल लागतांच मांजर दुधाच्या पातेल्यापासून बाजूला होतें, तसाच हा प्रकार. जें काम मालकाला पाहून थांबतें तें चोरीचेंच असलें पाहिजे, असा सरळ तर्क मीं बांधला आणि यंत्र बंद करून निजलों. दुसऱ्या रात्रीं तेंच. तिसऱ्या रात्रींहि तेंच.

संशयाला नेहमीं एखादा माणूस लागतो, आणि तो जवळचाच लागतो. तो विद्यार्थी दोन महिने माझ्या टेबलाशीं बसला होता. त्यानेंच आंत कांहीं सोडलें असावें, असें मनानें घेतलें. मीं त्याला उघड कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आला तेव्हां “आतां काम संपलं” असें सांगून दारांतूनच परत पाठविला. तो “बरं सर” म्हणून गेला. दुरुस्तीच्या दुकानांतील गृहस्थांनीं दूरध्वनीवरच निदान केलें: व्हायरस असेल, सगळें पुसून नव्यानें भरूं. त्या “सगळें” या शब्दांत माझे वडील होते, हें त्यांना कोठून ठाऊक असणार?

इतिहासाच्या अध्यापकाला, आणि तोहि कोल्हापूरचा, या वेळीं एक गोष्ट आठवावयास हवी होती. ती मला चार दिवस उशिरां आठवली. छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांची प्रकृति बिघडलेली होती आणि वाड्यांत काय चाललें आहे हें बाहेर कोणास नीट कळत नव्हतें. कारभार रावबहादुर महादेव वासुदेव बर्वे यांच्या हातीं होता. महाराजांचा छळ होत आहे असा बोभाटा उठला. “केसरी” व “मराठा” हीं पत्रें निघून तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें. त्यांनीं बर्व्यांवर लिहिलें, आणि ज्या पत्रांच्या आधारें आरोप केले तीं पत्रें बनावट ठरलीं. अब्रुनुकसानीचा खटला होऊन जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. पुढें २५ डिसेंबर १८८३ रोजीं, त्या वेळच्या अहमदनगर येथें पहाऱ्यांत असतां, गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. म्हणजे महाराजांविषयींची काळजी खोटी नव्हती. खोटा होता तो पुरावा. बंद दाराआड हालचाल दिसली म्हणजे काळजी वाटणें रास्त आहे. परंतु काळजी हा पुरावा नव्हे. संगणक हाहि असाच एक बंद वाडा आहे, आणि त्यांत आज कितीतरी कारभारी वावरतात. ते केव्हां व कशासाठीं शिरले, हें पाहिल्यावांचून त्यांतील चोर कोण व चाकर कोण हें ठरवितां येणार नाहीं.

आरंभीं या वाड्यांत कोणी कारभारी नव्हता. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं पुरा चालूं झाला. १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि तींत २०४८ शब्द मावत. गणित भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून आंत जाई. काम संपलें कीं यंत्र पुढच्या फितीची वाट पाहत उभें राही. असा संगणक रिकामा असे तेव्हां खरोखरच रिकामा असे.

हार्ड डिस्कचा जन्महि याच सुमाराचा. सप्टेंबर १९५६ मध्यें अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र पुढें आणलें. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे आणि टनाहून अधिक वजन. एवढ्या सरंजामांत सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज खिशांत मावणाऱ्या डिस्कवर त्याच्या लक्षपट मजकूर राहतो, पण मूळ तत्त्व तेंच आहे. तबकडीवर चुंबकीय लेप असतो. तिच्यावरून लिहिणारें-वाचणारें एक शीर्ष फिरतें. आणि तें तबकडीला टेकत नाहीं, फिरणाऱ्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पापुद्र्यावर तरंगतें. १९७३ च्या विंचेस्टर जातीच्या डिस्कमध्यें शीर्षें व तबकड्या एकाच बंद पेटींत घातल्या गेल्या, आणि तीच रचना पुढें घरोघर आली. आपण जी करकर ऐकतों ती शीर्षाच्या धांवेची असते: एका वर्तुळावरून दुसऱ्या वर्तुळावर तें उडी घेतें, तिचा तो आवाज.

रिकामेपणाला दोष लागला तो पैशामुळें. लाखों रुपयांचें यंत्र एका माणसाच्या विचार करण्याची वाट पाहत बसावें, हें कोणत्याहि हिशेबी मालकाला सोसण्यासारखें नव्हतें. म्हणून १९६० नंतर एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वांटून देण्याची पद्धति निघाली. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत फर्नांदो कॉर्बातो व त्यांचे सहकारी हें काम करीत होते. १९६३ च्या सुमारास त्यांनीं कांहीं कार्यक्रम असे रचले कीं ते कोणाहि एका माणसाच्या हुकमावर अवलंबून नव्हते. पडद्याआड राहून यंत्राचीं घरगुती कामें ते आपण होऊन उरकीत. त्यांना त्यांनीं “डीमन” असें नांव दिलें. हें नांव पदार्थविज्ञानांतून आलें. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६७ मध्यें एका पत्रांत अशा एका काल्पनिक जीवाची कल्पना मांडली होती कीं जो वायूच्या पेटींतील दाराशीं बसून चपळ कण एका बाजूस व मंद कण दुसऱ्या बाजूस अखंड निवडीत राहतो. पुढें लोक त्याला मॅक्सवेलचा डीमन म्हणूं लागले. कॉर्बातो यांच्या आठवणीप्रमाणें संगणकांतील पहिल्या डीमनचें काम होतें तें फायलींची नक्कल चुंबकीय फितीवर उतरून ठेवण्याचें. म्हणजे मालक नसतां जागणारा हा पहिला चाकर चोरी करीत नव्हता. मालकाचें दप्तर सुरक्षित ठेवीत होता.

आपल्याकडे भुताची एक गोष्ट घरोघर सांगत असत. एका माणसाला भूत वश झालें, पण अशा अटीवर कीं त्याला सतत काम द्यावयाचें. काम संपलें कीं तें मालकालाच खाणार. विहीर खणून झाली, वाडा बांधून झाला, शेवटीं मालकानें अंगणांत एक उंच काठी रोंवली आणि सांगितलें, “दुसरें काम सांगेपर्यंत हिच्यावर चढ आणि उतर.” संगणकाच्या आंतहि अशीच एक काठी रोंवलेली आहे. गणन करणारा भाग मोकळा झाला कीं त्याला फिरण्यासाठीं एक पोकळ आवर्तन दिलेलें असतें, आणि कामांच्या यादींत तें “रिकामें काम” म्हणून दिसतेंहि. गेल्या साठ वर्षांचा इतिहास थोडक्यांत सांगावयाचा तर तो असा कीं, भुताला काठीवर चढविण्याऐवजीं अंगण झाडावयास लावावें, असें एकामागून एक पिढीला वाटत गेलें.

या झाडलोटीचीं दोन कामें विशेष महत्त्वाचीं आहेत. पहिलें स्मृतीच्या अदलाबदलीचें. मँचेस्टर येथें १९६२ मध्यें सुरू झालेल्या ॲटलस संगणकांत जलद पण तुटपुंजी स्मृति आणि संथ पण मोठा फिरता ढोल यांमध्यें मजकुराचीं पानें यंत्रानें स्वतःच नेण्या-आणण्याची युक्ति योजिली होती. आज ढोलाच्या जागीं डिस्क आली आहे, युक्ति तीच आहे. स्मृति कमी पडली कीं डिस्क अकारण धांवतांना दिसते. दुसरें काम उसनी नोंद पक्की करण्याचें. लिहिलेला शब्द प्रत्येक वेळीं डिस्कवर नेणें महाग पडतें, म्हणून तो कांहीं वेळ स्मृतींत उधार ठेवतात आणि मग एकदम खतावतात. १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत सुरू झालेल्या युनिक्स पद्धतींत पुढें दर तीस सेकंदांनीं अशी उधारी डिस्कवर उतरविणारा एक चाकर असे. रिकाम्या यंत्राचा दिवा ठराविक वेळानें एकदां लुकलुकला, तर बहुधा असा एखादा खतावणीवाला तेथें बसलेला असतो.

परंतु हीं मोठ्या संस्थांचीं यंत्रें. आपल्या पिढीनें संगणक प्रथम पाहिला तो टेबलावरचा, आणि तेथें इतिहास जणूं पुन्हां पहिल्यापासून सुरू झाला. १९८३ च्या आय. बी. एम. एक्स. टी. यंत्रांत १० मेगाबाइटची डिस्क होती, आणि त्याचा कारभार एका वेळीं बहुधा एकच काम करी. आम्ही शिकलों त्या दिवसांत तांबडा दिवा म्हणजे सत्यवचन होतें: तुम्ही हुकूम केला तर तो लागे, एरवीं विझलेला असे. त्या काळीं हुकमावांचून दिवा लागला तर भिण्याला कारण होतें. १९८६ मध्यें लाहोर येथें दोघां भावांनीं लिहिलेला “ब्रेन” हा व्हायरस फ्लॉपीच्या अगदीं आरंभींच्या भागांत दडून बसे. “मायकेलअँजेलो” नांवाचा दुसरा एक ६ मार्च ही तारीख येईपर्यंत गप्प राही आणि त्या दिवशीं यंत्र सुरू होतांच डिस्कवरील मजकुराची नासाडी करी; ६ मार्च १९९२ ची धास्ती जगभर पसरली होती. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर त्या सुमारास पुण्यांत यंत्रदुरुस्तीचा धंदा करीत होते. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत त्यांना हेच चोर वारंवार सांपडूं लागले. तेव्हां धाकटे बंधु संजय यांनीं ते काढून टाकणारा कार्यक्रम रचला. १९९३ मध्यें सुरू झालेल्या त्यांच्या व्यवसायांतून पुढें क्विक हील हें नांव देशभर झालें. आमच्या पिढीच्या मनांत हुकमावांचून हालणारी डिस्क आणि व्हायरस यांची जी गांठ बसली, ती त्या दशकांतील आहे. गांठ तशीच राहिली. यंत्र मात्र बदललें.

बदल झाला तो असा. टेबलावरच्या यंत्रांतहि हळूहळू चाकरांची सबंध कचेरी येऊन बसली. २००१ च्या विंडोज एक्स. पी. मध्यें यंत्र रिकामें दिसलें कीं नेहमीं लागणाऱ्या फायली डिस्कवर जवळजवळ लावून ठेवण्याचें काम चाले. २००७ च्या आरंभीं घरोघर विक्रीस आलेल्या व्हिस्टामध्यें त्यांत भर पडली: मालक कोणता कार्यक्रम केव्हां उघडतो हें पाहून तो आधींच स्मृतींत आणून ठेवणारा एक चाकर, विखुरलेले तुकडे आठवड्यांतून एकदां जुळविणारा दुसरा, आणि सर्व फायली वाचून त्यांतील शब्दांची सूची करणारा तिसरा. हें तिसरें काम दप्तरखान्याची ओळख असलेल्यांना नवें नाहीं. पेशवे दप्तरांतील हजारों रुमालांतून हवा तो कागद निघतो तो कोणी तरी पूर्वीं बसून फेरिस्त केलेली असते म्हणून. संगणकाला एखादा शब्द विचारतांच तो क्षणांत पान दाखवितो, यामागेंहि जादू नाहीं. कोणी तरी रात्रीं बसून फेरिस्त केलेली असते. आणि हा कारकून मोठा अदबशीर आहे. मालकानें माउसला हात लावला कीं मालकाच्या कामांत अडथळा नको म्हणून तो लेखणी खालीं ठेवतो. जी गोष्ट मला चोरीची खूण वाटली ती चाकराची अदब होती.

तथापि, सर्वच हालचाल निष्पाप असते असें म्हणून चालणार नाहीं. मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल या दोघांनीं १९९६ पासून विंडोजसाठीं कांहीं उपकरणें तयार करून लोकांना दिलीं. कोणता कार्यक्रम या क्षणीं कोणती फाईल उघडीत आहे हें तीं ओळीनें दाखवीत. वाड्याच्या भिंतीला पाडलेली ही पहिली खिडकीच म्हणावी. २००६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें त्यांची संस्था विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षीं, ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं, रुसिनोविच यांनीं आपल्याच यंत्रांत सांपडलेल्या एका लपलेल्या कार्यक्रमाची हकीकत प्रसिद्ध केली. सोनी बी. एम. जी. कंपनीची गाण्यांची तबकडी संगणकांत घातल्यावर तो आंत शिरला होता. तो स्वतःला फायलींच्या यादींतून दिसेनासा करी, आणि तबकडी बाहेर काढली तरी दर दोन सेकंदांनीं चालू असलेल्या सर्व कार्यक्रमांच्या फायली चांचपून पाही. नक्कल रोखण्यासाठीं केलेली ही व्यवस्था मालकाला न सांगतां त्याच्या घरांत बसविलेली होती. मोठा गवगवा झाला आणि कंपनीनें त्या तबकड्या परत घेतल्या. येथें संशय खरा ठरला. पण तो खरा ठरला तो आवाज ऐकून नव्हे, तर कोण, कोणती फाईल, किती वेळां, हे तीन प्रश्न विचारून.

हेच तीन प्रश्न माझ्या यंत्राला विचारले माझ्या भाचीनें. ती अभियांत्रिकी शिकते. मी डिस्क पुसावयास नेत होतों, इतक्यांत ती घरीं आली. “मामा, थांबा की जरा,” ती म्हणाली, “आधी काम कोण करतंय ते तरी बघू.” तिनें चालू कामांची यादी उघडली, डिस्कवर कोणाचा भार किती तो उतरत्या क्रमानें लावला, आणि दोन मिनिटें कोणी कशाला हात लावूं नये असें बजावलें. करकर सुरू झाली; यादींत दोन नांवें सरसर वर चढलीं. पहिलें फेरिस्त करणाऱ्या कारकुनाचें. तो माझ्या वडिलांचीं पत्रें एकामागून एक उघडीत होता. दुसरें व्हायरस तपासणाऱ्या पहारेकऱ्याचें. कारकुनानें जी जी फाईल उघडावी ती ती हा पहारेकरी पुन्हां तपासून पाहत होता. लाखभर फायली, आणि प्रत्येकीला दोन-दोन हात. मग तिनें घरचें इंटरनेट तोडून पाहिलें. काम तसेंच चालू राहिलें. एवढ्यानें निर्दोषत्व सिद्ध होत नाहीं, पण चाललेलें काम बाहेर कांहीं पाठविण्यावर अवलंबून नाहीं इतकें कळलें. “आणि हे संपेना का, ठाऊक आहे?” ती हसून म्हणाली, “तुम्हीच रोज रात्री मशीन बंद करता. त्याला काम पुरं करू द्या.” दोन रात्री यंत्र चालू ठेवलें. तिसऱ्या दिवशीं दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. जातां जातां तिनें सर्व पत्रांची नक्कल दुसऱ्या एका डिस्कवर उतरून ती कपाटांत, अर्थात् वरच्या मजल्यावर, ठेविली.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं मी त्याच दिवशीं गेलों. दारांतून परत पाठविल्याचें कारण मीं त्याला सांगितलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं, मग म्हणाला, “मला वाटलं, स्कॅन नीट झाले नाहीत म्हणून तुम्ही रागावलात.” चार दिवस त्या मुलानें आपलीच चूक शोधण्यांत घालविले होते.

येथें हकीकत संपती तर लेख लिहिण्याचें विशेष कारण नव्हतें. २०२२ मध्यें उरलेलें काम, म्हणजे आईच्या जमाखर्चाच्या वह्या, आम्ही स्कॅन केल्या. मूळ वह्यांना पुराच्या पाण्यानें बुरशी धरली होती. पानाला हात लावावा तर पान हातांत येई. स्कॅन झाल्यावर मीं स्वतःच त्या घंटागाडींत दिल्या. पुढें आठवडाभरांत रात्रीं यंत्रांतून आवाज येऊं लागला. या वेळीं मी ज्ञानी झालों होतों. “कारकून फेरिस्त करतो आहे,” असें घरांत सर्वांना सांगून मीं कूस बदलली. हा आवाज पहिल्यासारखा नव्हता; टक्, टक्, टक्, ठराविक अंतरानें, आणि मधून मधून तबकडीचा वेग मंदावल्याची घरघर. माउस हलविला तरी तो थांबत नव्हता. दोन्ही खुणा माझ्यासमोर होत्या. मीं त्या पाहिल्या नाहींत. सहाव्या दिवशीं सकाळीं यंत्राला डिस्क सांपडेना.

डिस्क आपल्या मरणाची सूचना बहुधा देते. १९९० नंतरच्या दशकापासून बहुतेक डिस्का स्वतःच्या प्रकृतीची वही ठेवितात. किती भाग खराब झाले, त्यांच्या जागीं किती राखीव भाग वापरले, वाचण्यांत किती वेळां चूक झाली, हें सर्व त्या वहींत असतें, आणि साध्या कार्यक्रमानें ती उघडून पाहतां येते. इतकेंच नव्हे, तर रिकाम्या वेळीं डिस्क स्वतःचेच भाग तपासून पाहते. तें काम डिस्कच्या आंतल्या आंत चालत असल्यामुळें चालू कामांच्या यादींत दिसतहि नाहीं. म्हणून यादींत नांव नाहीं आणि आवाज मात्र येतो, अशी स्थिति दिसली कीं प्रथम नक्कल करावी, मग ती वही पाहावी, आणि निदान त्यानंतर. हा क्रम मला पाठ होता. पहिल्या वेळीं मीं न पाहतां संशय घेतला, दुसऱ्या वेळीं न पाहतां विश्वास ठेवला. पहिल्याला मी भीति म्हणत होतों आणि दुसऱ्याला ज्ञान; पण दोन्ही वेळां मीं टाळलें तें एकच काम, उठून यादी पाहण्याचें. वडिलांचीं पत्रें दुसऱ्या डिस्कवर होतीं म्हणून वांचलीं. आईच्या वह्या नव्हत्या.

आतां जीं यंत्रें येतात त्यांतील बहुतेकांत तबकडी नसते. नव्या जातीच्या डिस्कमध्यें फिरणारा भाग नाहीं, त्यामुळें करकर नाहीं. कित्येक पेट्यांवर तो तांबडा दिवाहि राहिलेला नाहीं. कारकून, पहारेकरी, खतावणीवाले सर्व पूर्वींपेक्षां अधिक आहेत आणि सर्व निःशब्द आहेत. आवाजानें जाग येण्याचा काळ संपत आला. यापुढें ज्याला आपल्या यंत्राचा कारभार जाणावयाचा आहे त्यानें कारण नसतांहि मधून मधून यादी उघडून बसलें पाहिजे.

आई रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं जमाखर्च मांडीत असे. ताळा जमला नाहीं तर “आठ आणे कुठं गेले?” हा एकच प्रश्न ती घरांतल्या सर्वांना विचारी. त्यांत कोणावर चोरीचा आळ नसे. आणि उत्तर मिळाल्यावांचून ती वही मिटीतहि नसे. त्या वह्या माझ्या हलगर्जीपणानें गेल्या. आतां महिन्याच्या पहिल्या तारखेला मी आणि तो विद्यार्थी यंत्रापुढें बसतों. तो एकेक नांव वाचतो, आणि हा कोण, काय करतो, कोणी ठेवला, हें कळल्यावांचून आम्ही पुढच्या नांवाकडे जात नाहीं.